घाटात वळायला जागा नाही

आळे गावच्या शिवारात त्या आठवड्यात पाण्याच्या मोटारींना लाइट रात्री दहाची होती. बिबट्या फिरतोय म्हणून एकट्यानं पाण्याला जायचे दिवस गेले. आजूबाजूची चार पोरं दादाभाऊंच्या मोटारीच्या खोलीत जमायची आणि लाइट येईपर्यंत मोबाइलमध्ये डोकी घालून बसायची. दादाभाऊंचं आळेफाट्यावर गॅरेज. चाळीस वर्षं गाड्यांखाली झोपून काढलेला माणूस. आता गॅरेज मुलाकडं आणि म्हातारा शेतात.

त्या रात्री शौर्यनं मोबाइल त्यांच्यापुढं धरला. "दादाभाऊ, ही बघा. वीस वर्षांची गाडी, पण एकदम ओरिजिनल. घेऊ का?"

"ओरिजिनल म्हंजी काय रं?"

"म्हंजी कंपनीतून निघाली तश्शी."

"आन मधल्या वीस वर्षांचं काय करायचं?"

पोरं हसली. दादाभाऊ हसले नाहीत. त्यांनी दार आतून लावून घेतलं, पोत्यावर बसले आणि म्हणाले, "ओतूरच्या मोहितनं अशीच एक घेतली व्हती. भुताची म्हणा, कशाची म्हणा, पण ऐकीव न्हाई. त्यात माझाबी हात हाय. लाइट येईस्तवर सांगतो."

ओतूरचा मोहित तुम्हाला माहीत नसेल. खतं-औषधांचं दुकान, घरचं बरं, वय बत्तीस, स्वभावानं वाईट मुळीच नाही. फक्त गाड्यांचं वेड. स्वतःच्या वरातीत घोड्यावर बसलेला हा नवरदेव बँडकडं लक्ष न देता जनरेटरच्या जीपचं इंजिन ऐकत होता आणि उतरल्यावर त्या ड्रायव्हरला म्हणाला होता, "टॅपेट वाजतायत." असा गडी.

दोन हजार तेवीसच्या जूनमध्ये औषधांचा माल पोचवायला तो भीमाशंकरच्या रस्त्यानं तळेघरकडं गेला होता. अलीकडच्या एका वाडीत एका अंगणात ताडपत्रीखाली काहीतरी लांबलचक झाकलेलं दिसलं. ताडपत्री एका कोपऱ्यात वाऱ्यानं उचलली होती. मोहितनं नुसता मागचा दिवा बघितला आणि टेम्पो जागच्या जागी उभा केला.

गडद निळ्या रंगाची स्टेशन वॅगन होती ती. छप्पर सरळ मागच्या दारापर्यंत गेलेलं, डिकीच्या जागी अख्खी खोलीच. आपल्याकडं लोकांना असली गाडी आवडत नाही, म्हणतात काय ही अँब्युलन्स. पण हिच्या नाकात टर्बोचं इंजिन होतं. दिसायला सामान वाहणारी, पळायला रेसची. या जातीच्या गाड्या आपल्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यातली एक इथं कोंबड्यांच्या सोबतीला उभी! मोहित टेम्पोतून उतरून थेट अंगणात शिरला.

गाडी धम्मपाल फोरमनची. पुण्यातल्या एका वर्कशॉपमध्ये त्यांचा जन्म गेला. तिथलं एक गिऱ्हाईक कायमचं परदेशी निघालं, आणि दुसऱ्या कोणाच्या हाती ही नीट राहायची नाही म्हणून गाडी फोरमनला देऊन गेलं. फोरमन निवृत्त होऊन ती घेऊन वाडीला आले. घाटातल्या वाड्यांना रेंज नाही, रात्री वाहन नाही. कोणाला काही चावलं, कोणी पडलं, कोणाच्या पोटात कळा सुरू झाल्या की फोरमनच्या दारावर थाप. ते मागची सीट आडवी करायचे, गोधडी अंथरायचे, माणूस झोपवायचे आणि घोडेगावच्या सरकारी दवाखान्यात नेऊन सोडायचे. कधी पेशंटला तिथून पुढंही न्यावं लागायचं, तेव्हा सलाइनची बाटली धरायला माणूस मिळेना, म्हणून त्यांनी स्वतः मागच्या खिडकीपाशी छताला लोखंडी हूक वेल्डिंग करून बसवला. सात वर्षं हे चाललं. मग एके रात्री फोरमन झोपेतच गेले, आणि गाडी ताडपत्रीखाली गेली.

हे सगळं त्यांच्या बायकोनं, रत्नाकाकूंनी, चहा देता देता सांगितलं. मोहितचं निम्मं लक्ष बॉनेटखाली होतं.

"पुण्याचा एक येपारी जास्ती देत व्हता," काकू म्हणाल्या. "त्याला न्हाई म्हणले. गाडी ह्याच रस्त्याला फिरती राहिली पायजे. तुमी हितलंच हायसा, तुमाला देते. पन एक हाय, भाऊ."

"बोला ना काकू."

"रातच्याला कुणी हात केला तर थांबायचं. ह्यांनी कधी गाडी पुढं काढली न्हाई."

"अहो काकू, हे काय सांगणं झालं? थांबणारच की!"

शब्द द्यायला काय लागतं? जीभ हलवली की झालं. काकूंनी मागच्या बाजूला गोधडी घडी करून ठेवली, तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि आत निघून गेल्या. त्यांना गाडी जाताना बघायची नव्हती.

मग गाडी आली दादाभाऊंच्या गॅरेजात. चार महिने काम चाललं. मोहितच्या डोक्यात एकच शब्द, ओरिजिनल. सतरा डिसेंबरच्या रविवारी पुण्यात जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा मेळावा होता आणि तिथं गाडी कंपनीतून निघाली तशी दिसायला हवी होती. त्यानं सीटांचं फिकट राखाडी कापड परदेशातून मागवलं. छताचं कापड नवीन. स्प्रिंगा नव्या. गोधडी त्यानं बाहेर फेकली, ती गॅरेजमधल्या पोरांनी गाडीखाली झोपायला घेतली.

राहिला हूक.

"मोहित, हा कशाचा हूक हाय ते ठाऊक हाय ना तुला?" दादाभाऊंनी विचारलं होतं.

"ठाऊक हाय, दादाभाऊ. पन कंपनीनं न्हाई ना दिलेला. तिथं बघणारे एकेक नट बघत्यात. काढा."

दादाभाऊंना सगळं ठाऊक होतं. त्यांच्या मावसबहिणीची सून याच हुकाखाली झोपून दवाखान्यात पोचली होती, आणि तिचं पोरगं आज शाळेत जातं. तरी त्यांनी कटर चालवला. हूक मुळापासून कापला, जागा घासून साफ केली, वरून नवं कापड ताणून बसवलं. सांगताना इथं म्हातारा थांबला. "गिऱ्हाईकाचं ऐकावं लागतं," एवढंच म्हणाला आणि पोरांकडं न बघता टॉर्चचं बटण उगाच दाबत राहिला.

चौदा डिसेंबर, गुरुवार. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. अमावास्या होऊन दोन दिवस झालेले, चंद्र कधीच मावळलेला. मोहित संध्याकाळी भीमाशंकरच्या रानात गाडीचे फोटो काढायला गेला होता. तळेघरला मित्राकडं जेवला आणि अकराला निघाला. गाडी अशी पळत होती की त्याला गाणंसुद्धा लावावंसं वाटेना. इंजिनच गात होतं.

पोखरी घाटाला लागला तेव्हा घड्याळात अकरा चाळीस.

तिसऱ्या वळणावर दिव्यात माणसं आली. एक म्हातारी, डोक्यावर पदर, हातात मिणमिणती बॅटरी. तिनं हात वर केलेला. हात हलवत नव्हती, नुसता वर धरलेला, रोजची एसटी थांबवावी तसा. तिच्या पायाशी घोंगडीत गुंडाळलेला म्हातारा. एक पाय बाहेर. पायावर चिखल, आणि चिखलावर काळं, ओलं काहीतरी.

मोहितनं ब्रेक दाबला. गाडी जवळजवळ थांबली. म्हातारीनं बॅटरी खाली केली आणि म्हाताऱ्याच्या बगलेत हात घातला, उचलायला.

आणि मोहितला ती फिकट राखाडी सीट आठवली.

परवा नाही तेरवा मेळावा. रक्ताचा डाग निघत नाही. मागून कोणीतरी येईलच. दुधाचा टेम्पो असतो. खाली जाऊन कोणालातरी सांगू. माणसाला स्वतःची समजूत घालायला किती वेळ लागतो? एक श्वास. त्यानं काचेतून पंजा दाखवला, मागून येतंय अशा अर्थाचा, आणि गाडी पुढं काढली.

आरशात बॅटरीचा ठिपका दिसला. मग वळण आलं. ठिपका गेला.

"थांबला न्हाई?" शौर्यनं विचारलं.

"न्हाई," दादाभाऊ म्हणाले.

पुढच्या वळणाला मोहितला वाटलं, दिवे बिघडले. उजेड रस्त्यावर पडेना. वर झाडांच्या शेंड्यांवर पडायला लागला. त्यानं गाडी हळू केली. आता बघा, गाडीत मागं वजन आलं की मागची बाजू बसते, नाक उचलतं, आणि दिवे वर उठतात. ते त्याला कळत होतं. दिवे दादाभाऊंनी भिंतीवर आखून सेट केले होते. स्प्रिंगा नव्या होत्या.

मागं वजन आलं होतं.

स्टेअरिंग हलकं लागत होतं. वळणावर गाडीची पाठ जड, सावकाश फिरत होती. एक माणूस झोपल्यावर फिरते तशी.

मोहितनं आरशात बघितलं नाही. बघायचं ठरवलं. मान वर होईना.

मग आवाज.

टक...

मागच्या खिडकीच्या काचेवर. अगदी हलका. काहीतरी टांगलेलं झोका खाऊन काचेला लागावं तसा.

टक... टक...

वळण आलं की आवाज थांबायचा. गाडी सरळ झाली की पुन्हा.

टक...

"कोण हाय?" तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला ओळखू आला नाही.

फक्त मागं कोणीतरी दम धरून पडलंय, ओरडायचं नाही म्हणून ओठ दाबून... असं वाटत होतं. त्यानं एका हातानं आरसा छताकडं फिरवून टाकला. हिटर चालू होता. तरी मानेला गार लागत होतं.

थांबावं, तर उतरावं लागेल. उतरावं, तर मागं बघावं लागेल.

तो थांबला नाही. पोखरी गेली. डिंभ्याचं पाणी डाव्या हाताला काळं पसरलेलं दिसलं. शिनोली आली, झोपलेली. दिवे अजून झाडांवर. टक... टक... मोहित रडत होता. भीतीनं रडत होता असं त्याला आधी वाटलं. पण त्याच्या डोळ्यांपुढं आवाज नव्हता, वजन नव्हतं. म्हातारीनं बगलेत घातलेले ते दोन हात होते.

घोडेगावात दवाखान्याच्या फाटकावर दिवा होता आणि माणसं जागी असणारी तेवढीच एक जागा होती. त्यानं गाडी सरळ आत घातली.

इंजिन बंद व्हायच्या आत दवाखान्याचं दार उघडलं आणि वॉर्डबॉय बाजीराव स्ट्रेचर ढकलत पळत आला. थेट मागच्या दाराशी. काही विचारलं नाही, कोण, कुठला, काय झालं, काही नाही. त्यानं मागचं दार वर उचललं.

आत राखाडी सीट. स्वच्छ. रिकामी.

बाजीराव क्षणभर आत बघत राहिला. मग मोहितकडं बघितलं. "पेशंट कुठंय?"

मोहित दार उघडून खाली उतरला.

"फोरमनची गाडी हाय ना ही? दिवे वर करून आली की आमी इचारत बसत न्हाई, स्ट्रेचरच घेऊन पळतो. पेशंट कुठंय, भाऊ?"

आता खोटं बोलता आलं असतं. चुकून आलो, पाणी प्यायला थांबलो. बाजीरावनं खरं मानलं असतं. पण तो रिकामं स्ट्रेचर धरून उभा होता, आणि त्या स्ट्रेचरकडं बघून मोहितला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"घाटात हाय," तो म्हणाला. "मी... मी न्हाई घेतला."

बाजीरावनं स्ट्रेचर बाजूला लावलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो आत गेला, सलाइनची बाटली, पट्ट्या, फळकुटं घेऊन आला. मोहितनं स्वतःच्या हातानं मागची सीट आडवी केली. बाजीराव मागं चढून बसला. गाडी पुन्हा घाटाकडं निघाली. आता दिवे रस्त्यावर पडत होते.

म्हातारी तिथंच होती. सरूबाई तिचं नाव. रस्त्याच्या कडेला बसलेली, म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर. म्हातारा म्हणजे गेणभाऊ, खळ्यावर भात राखायला मचाणासारख्या माळ्यावर झोपले होते, तिथून पडले. मांडीचं हाड मोडून बाहेर आलेलं. वाडीतल्या दोघा माणसांनी रस्त्यापर्यंत आणून सोडलं होतं आणि ती दोघं खाली दुसरं वाहन शोधायला आडवाटेनं गेली होती.

मोहित उतरला. तिच्यापुढं उभा राहिला. काय म्हणावं? चुकलो म्हणावं? पाया पडावं?

सरूबाईच आधी बोलली. घाईघाईनं, त्यालाच धीर देत.

"आलासा का बाबा. मला ठाऊक व्हतं. मी ह्यास्नी म्हणत व्हते, घाटात वळायला जागा न्हाई, गाडी खाली वळायला गेली असंल. धम्मपालभाऊंची गाडी हाय, ती पुढं जायाची न्हाई."

मोहितनं मान खाली घातली. ती त्यानं अजून नीट वर केलेली नाही, असं दादाभाऊ म्हणाले. लोकांनी तोंडावर थुंकलं तर माणूस पुसून टाकतो. विश्वास कसा पुसणार?

गेणभाऊंना उचलून मागं झोपवलं. राखाडी कापड बघता बघता काळं झालं. बाजीरावनं अंधारात चाचपून सुई लावली. सरूबाई म्हाताऱ्याचे पाय धरून बसली. मोहितनं अशी गाडी चालवली की पेल्यातलं पाणी हिंदकळू नये. दिवे पुन्हा झाडांवर गेले. या वेळी मागं माणूस होतं.

आणि सगळ्या वाटभर... टक... टक... त्याला वाटलं, आता कान वाजतायत.

डॉक्टर दारातच उभे होते. त्यांनी पाय बघितला आणि पुढच्या मोठ्या दवाखान्याला फोन लावला. फोन ठेवून मोहितला म्हणाले, "जीव वाचला. पायाचं सांगता येत नाही. तासभर आधी आणलं असतं तर बोललो असतो." त्यांना काही माहीत नव्हतं. सहज बोलले. आठ दिवसांनी गेणभाऊंचा पाय गुडघ्याच्या वरून काढला.

अँब्युलन्स त्यांना घेऊन पुढं गेली तेव्हा पहाटेचे चार वाजत आले होते. बाजीराव हात धुऊन आला. गेणभाऊंना जाताना त्यानं नवी बाटली लावून दिली होती. मोहितनं नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "गाडीतली बाटली पूर्ण रस्ता धरून बसला व्हता का तुमी?"

"धरायची कशाला? माझं दोन्ही हात जखमंवर व्हतं. वर अडकवली."

"कुठं?"

"कुठं म्हंजी? हूकला. हात वर केला, हूक व्हता, अडकवली. कायमची सवय."

मोहित गाडीकडं गेला. मागचं दार धरलं. उचलेना. पुन्हा जोर लावला.

आत दवाखान्याच्या दिव्याचा उजेड पडला.

रिकामी बाटली खिडकीपाशी लोंबत होती. वारा आला. बाटली काचेला लागली.

टक.

मोहितनं दादाभाऊंना फोन केला तेव्हा पाच वाजले होते. म्हणाला फक्त एवढंच, "दादाभाऊ, तो हूक तुमी कापला व्हता ना?"

उजाडता उजाडता दादाभाऊ घोडेगावात पोचले. बाटली तशीच होती. कोणी हात लावला नव्हता. त्यांनी चष्मा लावला, टॉर्च घेतली आणि गाडीत उताणे झोपून छत बघितलं. हूक होता. फोरमनच्या हातचा, जाड, डावीकडं जरासा वाकडा. गंजलेला. हलवून बघितला, पत्र्याला घट्ट. आणि त्याच्याभोवती छताचं नवं कापड, त्यांनी स्वतः ताणून बसवलेलं. कापडाला चीर नाही. भोक नाही. वेल्डिंगची एक ठिणगी पडली तरी ते कापड जळतं. जळल्याचा एक ठिपका नाही.

मोहित मेळाव्याला गेला नाही. रक्ताचा डाग काढला नाही. दादाभाऊंनी गोधडी धुऊन, उन्हात वाळवून मागं ठेवली, ती तिथंच असते. ओतूरहून दर शनिवारी तो गाडी घेऊन घाटाच्या वाड्यांकडं जातो आणि रात्रभर तळेघरला थांबतो. गेणभाऊंना कुबडी त्यानंच आणून दिली. सरूबाई त्याला अजून पुण्यवान म्हणते आणि तो गप्प ऐकून घेतो. तेवढी त्याची शिक्षा. रत्नाकाकूंच्या दारापुढून गाडी जाते, पण आत जाऊन सांगायची त्याची अजून छाती झालेली नाही.

दादाभाऊ थांबले. बाहेर लांब कुठंतरी कुत्रं भुंकलं आणि गप्प झालं. शौर्यचा मोबाइल कधीच विझला होता.

"पन दादाभाऊ," शेवटी तोच म्हणाला, "त्यानं दुसऱ्या कुनाकडनं बसवून घेतला असंल. तुमी कापलेलाच."

दादाभाऊ उठले. खोलीच्या कोपऱ्यात खिळ्यांचा डबा होता. त्यात हात घालून त्यांनी एक लोखंडाचा तुकडा काढला आणि शौर्यच्या तळहातावर ठेवला. जाड. डावीकडं जरासा वाकडा. मुळाशी कटरचा साफ, चकचकीत काप.

"मी कापलेला हा," म्हातारा म्हणाला. "त्या दिसापासनं माझ्याकडंच हाय."

तेवढ्यात लाइट आली. मोटार सुरू झाली. पण पाणी धरायला एकही पोरगं जागचं उठलं नाही.